प्रथिनाचे टोक आणि बंद दार

१/ आमच्या जानेफळच्या शिवारात कापूस पिकतो; सूत उलगडायचे तर आधी त्याचे टोक हाती लागावे लागते, हे येथे कुणाला सांगावे लागत नाही. प्रथिनांच्या इतिहासातही असेच घडले. हा थ्रेड त्या टोकांच्या शोधाविषयी.

२/ प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची साखळी. तिच्या एका टोकाशी मोकळा ॲमिनो गट असतो, दुसऱ्याशी कार्बोक्सिल गट. दोन्ही टोके भिन्न, म्हणून ती ओळखण्याच्या रीतीही भिन्न.

३/ १९४५ साली केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या मोकळ्या ॲमिनो गटांना एक रसायन जोडले. त्याने ते पिवळे होत. मग आम्लात साखळी तोडून पिवळा घटक वेगळा काढायचा. ग्लायसीन आणि फेनिलॲलानिन अशी दोन टोके मिळाली. अर्थात साखळ्या दोन प्रकारच्या. पुढे त्या २१ आणि ३० घटकांच्या ठरल्या. १९५८चे नोबेल याच कार्यासाठी.

४/ या रीतीची उणीव उघड आहे: पहिले अक्षर वाचण्यासाठी सारे पुस्तक फाडावे लागते. १९५० साली पेर एडमन यांनी ती दूर केली. त्यांच्या पद्धतीत फक्त पहिला घटक सुटतो, उरलेली साखळी शाबूत राहते. मग दुसरा, मग तिसरा. १९६७मध्ये हे काम यंत्राकडे गेले. मात्र प्रत्येक फेरीत थोडी त्रुटी साचते, म्हणून लांब साखळी अखेरपर्यंत वाचता येत नाही.

५/ मागच्या टोकासाठी कार्बोक्सिपेप्टिडेज हे विकर वापरत. ते शेवटून घटक सोडवते. परंतु सारे घटक सारख्या वेगाने सुटत नाहीत, त्यामुळे क्रम संदिग्ध राहतो. जपानमधील आकाबोरी यांच्या पद्धतीत हायड्राझीन वापरतात: इतर सर्व घटकांचे रूप पालटते, शेवटचा तेवढा मोकळा राहतो. पण कळतो तो एकच.

६/ आता महाराष्ट्राकडे. १९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री असल्याने प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर एका वर्षाच्या अटीवर दार उघडले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळवली. वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवले.

७/ याच प्रथिनाची घोड्याच्या हृदयातील साखळी १९६१मध्ये पूर्ण वाचली गेली: १०४ घटक. तिचे पुढचे टोक ॲसिटिल गटाने झाकलेले निघाले! तेथे सँगरचा पिवळा रंग चढत नाही, एडमनची पद्धतही चालत नाही. विकरांनी साखळीचे तुकडे करूनच ती वाचावी लागली. आज वस्तुमान वर्णपटमापी त्या झाकणाचेही वजन सांगतो.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? पद्धतीला उत्तर मिळाले नाही, म्हणजे टोकच नाही, असे मानू नये. अभिलेखात स्त्रियांची नावे विरळ दिसतात. तेथेही ‘त्या नव्हत्याच’ असे लिहिण्यापूर्वी टोक कुणी झाकले, हे विचारावे. एका रीतीने दार उघडले नाही, तर दुसरी रीत शोधावी.