सार्वजनिक पैसा आणि कुलूपबंद कपाट
(महाराष्ट्रातील ग्रंथालय-अनुदानाच्या इतिहासाची तपासणी)

मराठीत ‘सार्वजनिक’ या शब्दाला दोन इतिहास आहेत. एक, ज्यांनी हा शब्द संस्थांच्या पाट्यांवर रंगवला त्यांचा. दुसरा, ज्यांना पाटी दिसत होती पण उंबरठा ओलांडता येत नव्हता त्यांचा. सार्वजनिक विहीर म्हणजे गावाची विहीर आणि गाव म्हणजे गावकुसाच्या आतली वस्ती, हा अर्थ कोणी लिहून ठेवला नव्हता. तो सर्वांना पाठ होता. पाण्याच्या बाबतीत या अर्थाला आपण आव्हान दिले आणि तो लढा आपल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. ग्रंथांच्या बाबतीत मात्र आपली चळवळ फारशी बोलत नाही. म्हणून हा विषय येथे मांडायचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले अथवा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्यवर्गाला करू द्यावा, अशी ती शिफारस होती. या ठरावाचा पाया उदारपणाचा नव्हता, हिशेबाचा होता. जेथे सर्वांचा पैसा, तेथे सर्वांचा हक्क. पुढे ठरावाची अंमलबजावणी होत नाही हे दिसल्यावर ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि सार्वजनिक संस्था हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, असे त्यात म्हटले होते. अनुदान हे समतेचे हत्यार होऊ शकते, हा विचार मुंबई इलाख्यात इतक्या स्पष्टपणे तेव्हा मांडला गेला. महाडच्या नगरपालिकेने पहिला ठराव मान्य केला होता. त्याच भूमीवर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले.

परंतु १९२३च्या त्या यादीत ग्रंथालय नाही. शाळा आहे, दवाखाना आहे, कचेरी आहे, वाचनालय नाही. त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. तेव्हाचे वाचनालय हे बहुतांशी सरकारचेही नव्हते आणि लोकांचेही नव्हते. ते वर्गणीदारांचे होते.

आपल्याकडील जुन्या वाचनालयांची साखळी पाहा. रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, सरदार आणि नव्याने इंग्रजी शिकलेला उच्चवर्णीय यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे त्यांचे नाव असे. नावात ‘जनरल’ होते. पण वर्गणी कोण भरणार, सभासदत्वाची शिफारस कोण करणार आणि सतरंजीवर कोण कोणाशेजारी बसणार हे समाजाने आधीच ठरवलेले होते. ज्या १८४८ साली पुण्यात हे वाचनालय निघाले, त्याच साली त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींची शाळा काढत होते. एकाच शहरात एक वर्ग ग्रंथ साठवत होता आणि दुसऱ्या वर्गाला अक्षर मिळावे म्हणून दोन माणसे शेण आणि शिव्या झेलत होती. पुढे १८९३मध्ये ठाण्यास आणि १८९८मध्ये मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. या संस्थांनी मराठी ग्रंथ जपले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण जपणूक ही एक गोष्ट आणि वाटप ही दुसरी.

वाटपाचा विचार पहिल्यांदा राज्यव्यवस्था म्हणून केला तो बडोद्याच्या सयाजीरावांनी. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शिकलेला माणूस पुस्तक मिळाले नाही तर पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांच्या लक्षात आले. अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावून १९१० पासून त्यांनी ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. या खात्याने दोन वाटा काढल्या. पहिली वाट अनुदानाची: गावाने एक तृतीयांश रक्कम जमवायची, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने आणि एक तृतीयांश सरकारने द्यायची. दुसरी वाट फिरत्या पेट्यांची: लाकडी पेटीत पुस्तके भरून ती मध्यवर्ती ठिकाणाहून गावोगाव पाठवायची, वाचून झाली की परत मागवायची आणि दुसरी धाडायची. गावाने त्यासाठी काही भरायचे नाही.

या दोन वाटांतला फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. पहिल्या वाटेत सरकारचा पैसा मिळायला आधी गावाचा पैसा लागतो. आणि गावाचा पैसा म्हणजे पाटलाचा, सावकाराचा, व्यापाऱ्याचा पैसा. जो पहिला हिस्सा घालतो तोच कमिटी होतो आणि किल्लीही त्याच्याच कनवटीला लागते. दुसऱ्या वाटेत पुस्तक स्वतः चालत येते. एका ठिकाणचा संग्रह अनेक ठिकाणचा होतो. गरीब वस्तीला ग्रंथ विकत घ्यावे लागत नाहीत, ते वापरायला मिळतात.

अर्थात राजाच्या हुकुमाने सर्व काही साधत नाही. ज्या संस्थानाने बाबासाहेबांना १९१३ साली अमेरिकेस धाडले, त्याच संस्थानच्या राजधानीत १९१७ साली त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. बडोद्याचे ग्रंथालय खाते तेव्हा देशात नावाजलेले होते. कागदावरची व्यवस्था आणि माणसाच्या मनातली व्यवस्था यांतले हे अंतर आपण कधीही विसरू नये.

बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम, राजगृहातील संग्रह, रात्र रात्र चाललेले वाचन यांच्या कथा आपण भक्तिभावाने सांगतो. त्यातून एक गोष्ट निसटते. ज्या घरात ग्रंथांचा वारसा नव्हता त्या घरातला माणूस कोलंबिया विद्यापीठाच्या आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत बसून विद्वान झाला. तेथे प्रवेशाला जात विचारली जात नव्हती. व्यवस्थेने काय घडते हे त्यांनी अनुभवले होते. म्हणूनच २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग यांचा समावेश होता. सभेने सोलापुरास वसतिगृह काढले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालवले. ज्यांच्याकडे वर्गणी द्यायला पैसा नव्हता त्यांनी ‘मोफत’ हा शब्द आपल्या वाचनालयाला लावला, आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते वर्गणी घेत राहिले!

मुंबई सरकारने १९३९ साली आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभागीय, जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव, अशी उतरंड तिने १९४०च्या अहवालात सुचवली. खालच्या पायरीवरच्या वाचकाला वरच्या पायरीवरचे पुस्तक मिळू शकेल, अशी रचना त्यातून उभी राहू शकत होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला. देशातला तो पहिला. १९४८ साली मद्रासने रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून कायदा केला आणि घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. १९५५ साली हैदराबाद राज्याने त्याच वळणाचा कायदा केला, तेव्हा मराठवाडा त्या राज्यात होता. शेजारच्या कर्नाटकानेही १९६५ साली कराची तरतूद असलेला कायदा केला.

महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला. १ मे १९६८ पासून तो अमलात आला. त्यात कर नाही. राज्याने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, एवढी हमी कायद्यात आहे. प्रत्यक्ष तरतूद त्याहून कितीतरी मोठी होते, पण ती दर अर्थसंकल्पात मागून घ्यावी लागते. १९७०च्या नियमांनी मान्यता आणि अनुदान यांची चौकट ठरली. संस्थांनी ग्रंथालय काढायचे आणि सरकारने मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत अनुदान द्यायचे. म्हणजे बडोद्याच्या दोन वाटांपैकी आपण पहिली हमरस्ता केली आणि दुसरी पायवाटही राहू दिली नाही.

या हमरस्त्यावर काय झाले? ग्रंथसंख्या आणि सभासदसंख्या यांवरून अ, ब, क, ड असे वर्ग पडले. वर्ण चार आणि वर्गही चार, हा योगायोग म्हणून सोडून देऊ. पण गणित सोडता येत नाही. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली. तीनंतर जिल्हा ‘अ’ वर्गाची कमाल मर्यादा वर्षाला ११ लाख ५२ हजार आणि ‘ड’ वर्गाची ४८ हजार झाली. एकाला मिळते त्याचा चोविसावा हिस्सा दुसऱ्याला. अनुदानाचा निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाच्या वाट्याला तेव्हा महिन्याला दोन हजार रुपये आले. ज्याच्याकडे पुस्तके अधिक त्याला पैसा अधिक. ज्याच्याकडे पैसा अधिक त्याची पुस्तके आणखी अधिक. वरच्या वर्गात जाऊन हे चक्र भेदावे, तर २०१२च्या पडताळणीनंतर दीर्घकाळ नव्या मान्यता आणि वर्गबदलच थांबवण्यात आले. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांचा विशेष गौरव होतो. शंभर वर्षांपूर्वी ग्रंथालय काढण्याची मुभा आणि ऐपत कोणाला होती, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. शासनाच्या उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्काराला बाबासाहेबांचे नाव आहे. त्यांच्या वस्त्यांतल्या वाचनालयांना पुस्तके आहेत का?

यावर कोणी म्हणेल, आज ग्रंथालयात जात कोण विचारतो? वर्तमानपत्र कोणीही वाचावे. खरे आहे. पण पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी लागते; आणि अनुदानाच्या पैशातून कोणती पुस्तके घ्यायची हे ठरवणाऱ्या कार्यकारिणीवर कोणाची आडनावे असतात, हे आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावे. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या सार्वजनिक जागांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. ‘अंशतः’ हा शब्द फार मोलाचा आहे. बोले यांच्या ठरावातले तत्त्वच त्यातून विस्तारले. मग ९० टक्के खर्च सरकारचा असलेली संस्था खाजगी मंडळाच्या मर्जीवर कशी चालेल?

तेव्हा कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. अनुदानित ग्रंथालयात दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि भूमिहीन कुटुंबांतल्या वाचकांना अनामत आणि वर्गणी नसावी. ग्रंथनिवडीच्या समितीवर त्यांचे प्रतिनिधी असावेत. कायद्यात निश्चित महसुलाची तरतूद व्हावी. जिल्ह्याचा संग्रह जिल्ह्याचा समजला जावा. ‘अ’ वर्गाला मोठे अनुदान देताना त्याची पुस्तके पेट्यांतून वसतिगृहे, आश्रमशाळा, समाजमंदिरे आणि ‘ड’ वर्गाची वाचनालये यांपर्यंत पोहोचवण्याची अट घातली जावी. ती पाळली नाही तर १९२६चा उपाय आहेच: अनुदान रोखा.

१९२३च्या यादीत एक शब्द राहून गेला होता. तो घालायला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. आता तो आपणच घातला पाहिजे.