एका संपादिकेची वाट

दिवाळी अंक घरात आला, की तो आधी कोणी वाचावयाचा यावरून भांडण जुंपते. कोणी व्यंगचित्रे पाहतो, कोणी राशिभविष्य. संपादकाचे नाव मात्र क्वचितच कोणी वाचतो. म्हणून यंदा एका संपादिकेचीच गोष्ट सांगावीशी वाटते.

विद्याताई बाळ यांचा जन्म १९३७ चा. 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर हे त्यांचे आजोबा. १९६४ साली त्या पुण्यात 'स्त्री' मासिकात आल्या. किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केलेल्या या मासिकात त्यांची वीसएक वर्षे गेली. १९८३ ते १९८६ या काळात त्या संपादक होत्या. 'तेजस्विनी' आणि 'वाळवंटातील वाट' या कादंबऱ्याही त्यांच्या नावावर आहेत. मध्यंतरी, १९७४ साली, जनसंघातर्फे पुणे महापालिकेची निवडणूक लढवून त्या हरल्या.

चार भिंतींआड राहिलेले दुःख छापून आणणे हे संपादकाचे काम खरे. पण छापून झाल्यावर काय? १९८२ साली पुण्यातील विवाहित तरुणींच्या मृत्यूंनी हा प्रश्न उभा केला. विद्याताईंनी 'नारी समता मंच' स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगावी गेले. नावातले 'मी एक' हे शब्द पाहावेत. दुसरीचे मरण ही आपलीच गोष्ट आहे, हे पाहणाऱ्या प्रत्येकीला त्यातून उमगत असे. पुढे १९८९ साली त्यांनी स्वतःचे मासिक काढले. त्याचे नाव 'मिळून साऱ्याजणी'.

आमच्या छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाताना घोडेगावला शिंगणापूरचा फाटा लागतो. तेथील शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मज्जाव होता. २०१६ साली त्यावरून रस्त्यावर आंदोलन पेटले असता, एकोणऐंशी वर्षांच्या विद्याताईंनी ॲड. नीलिमा वर्तक यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मागणी नवी नव्हती. मंदिरप्रवेशाचा १९५६ चा कायदा होताच, तो पाळला जावा एवढेच म्हणणे. १ एप्रिलला न्यायालयाने स्त्रियांच्या हक्काचे रक्षण ही सरकारची जबाबदारी ठरविली आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला.

३० जानेवारी २०२० रोजी विद्याताई निवर्तल्या. फाट्यावरून शिंगणापूरकडे वळणाऱ्या किती बायकांना त्यांचे नाव ठाऊक असेल? संपादकाचे नाव तसेही कोण वाचतो! पण वाट मोकळी झाली आहे, आणि त्या वाटेने आज कोणीही जावे.