कोळवणात कुठे?

मध्यंतरी घरी स्वयंपाकाला बाई हवी होती. ऑफिसात मी गेली कित्येक वर्षं मुलाखती घेतोय, त्यामुळे म्हटलं, यात काय अवघड आहे! आई आणि मी बसलो. पहिल्या बाई आल्या.

"कुठल्या तुम्ही?"

"कोळवणच्या. पौडच्या पुढं."

"कोळवणात कुठे? गावातच?"

बाई क्षणभर थांबल्या. "वस्तीवर," म्हणाल्या. मग आडनाव, मग पगार. चार मिनिटांत मुलाखत संपली. त्या गेल्यावर आई म्हणाली, "बोलणं जरा तुटक वाटलं." मीही मान डोलावली. रात्री लक्षात आलं, स्वयंपाकाबद्दल आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता. भाकरी येते का, एवढंही नाही. ऑफिसात याच प्रकाराला आम्ही 'कल्चर फिट' म्हणतो आणि फॉर्मवर टिक करतो.

कुणाच्या हातचं चालतं, हा पुण्याचा जुनाच प्रश्न. १८९० साली पंचहौद मिशनमधल्या सभेत चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं फोडली, ती वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरभर ग्रामण्य माजलं. टिळकांवर बालंट आलं. न्यायमूर्ती रानड्यांनी तर प्रायश्चित्तही घेतलं. हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायच्या बेतात असलेला माणूस, एका कप चहासाठी! पण तेव्हा निदान सगळं उघड होतं. नियम काय, मोडला कुणी, दंड किती, सगळं चव्हाट्यावर.

२०१७ च्या सप्टेंबरात पुण्यातच एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार केली, की सोवळ्याच्या स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने जात लपवली. ओरड झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. यातली मला न विसरता येणारी गोष्ट अशी, की त्या बाईंच्या हातचं जेवण आधी जेवून झालं होतं. चवीत कुणाला काही सापडलं नव्हतं. तेव्हा आम्ही ऑफिसात त्या बातमीवर मनसोक्त हसलो होतो. 'कुठल्या काळात राहतात हे लोक!' वगैरे.

मोलकरणींनी आपल्या बाजूने लढे दिलेच. १९८० साली पुण्यात त्यांचा संप झाला, संघटना उभी राहिली, आणि २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. पण कायदा लागतो कामावर घेतल्यानंतर. दारातल्या त्या चार मिनिटांना कोण विचारतो? तिथे आपण 'आडनाव काय' विचारतो आणि वर म्हणतो, "सहज विचारलं हो." सहज विचारलेलं असतं हेही खरंच, म्हणूनच तर कळत नाही. मला कुठे कळलं होतं?

असो. आईशी बोललो. ती आधी चिडली, "मी काय जात विचारली का?" मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "लाव फोन."

बाईंना समोरच्या सोसायटीत काम लागलं होतं.