सातबाऱ्याचे रकाने आणि मार्कअपच्या खुणा

मुळशी तालुक्यातल्या जमिनी तलाठ्याच्या दप्तरात रकान्यांनी नांदतात. गाव नमुना ७ हक्काचा, १२ पिकांचा, ६ फेरफारांचा. १ ते २१ नमुन्यांची ही चौकट इंग्रजी अमदानीत पक्की झाली. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली ज्या खोऱ्याने सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासोबत सत्याग्रह केला, तिथे जमिनीच्या कागदाचे मोल कुणी सांगायला नको.

या नमुन्यांची खरी करामत रकान्यात आहे. शाई फिकी झाली, मोडी वाचणारा शोधून आणावा लागला, तरी नाव कुठले आणि आकारणी कुठली हे रकानाच सांगतो.

संगणक आला आणि सुरुवातीला हा रकाना तर निसटलाच, अक्षरही निसटले. भारतीय लिपींसाठीची इस्की ही सांकेतिक प्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली खरी. पण छपाईच्या फायलींत अक्षराऐवजी त्याचे तुकडे साठत, काना वेगळा, अर्धा ‘ख’ वेगळा. प्रत्येक फॉन्टकर्त्याचा तक्ता निराळा! फॉन्ट हरवला की ‘खातेदार’च्या जागी रोमन अक्षरांचा चिखल.

अक्षराचा प्रश्न युनिकोड या सामाईक अक्षरतक्त्याने सोडवला. रकान्याचे उत्तर मात्र आधीच तयार होते. वकिली कचेऱ्यांच्या कागदपत्रांवर काम करताना आयबीएमच्या गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी १९६९ मध्ये जीएमएल ही मजकुरावर खुणा करण्याची भाषा, म्हणजे मार्कअप, रचली. नावात तिघांची आद्याक्षरे गुंफली, एवढी हौस त्यांना माफ. तिच्यातून १९८६ चे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि १९९८ मध्ये एक्सएमएल. मजकूर ठळक छापायचा की तिरपा, हे या खुणा सांगत नाहीत. हा खातेदार, हे क्षेत्र, एवढेच सांगतात. खुणेचे नाव देवनागरीत दिले तरी एक्सएमएलला चालते. फाइल साध्या मजकुराची असल्याने मूळ सॉफ्टवेअर बंद पडले तरी ती वाचता येते.

पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणन संस्थेतल्या डिजिटल जतन केंद्राने याच पायावर ‘ईगव्ह-पीआयडी’ हे मानक तयार केले आणि डिसेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने ते लागू केले. दस्त कुठून आला, त्यात फेरबदल झाला का, तो वाचायला काय लागेल, अशी माहिती त्याच्यासोबत एक्सएमएलमध्ये बांधायची.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मुळशीतल्या पौडच्या शेतकऱ्याच्या हाती पडते ती पीडीएफ. तिच्यावरच्या स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राची मुदत मात्र दोन-तीन वर्षांचीच असते, आणि जमिनीचे दावे तर आजोबांकडून नातवाकडे जातात. पीआयडीत स्वाक्षरीच्या तपशिलांना स्वतंत्र विभाग दिला आहे तो यासाठीच.