शिंपल्यावरची वसाहत

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये ६८ मजली अल्मास टॉवर उभा आहे आणि त्यात हिऱ्यांचा बाजार भरतो. या किनाऱ्याचा जुना धंदा मात्र मोत्यांचा. उन्हाळ्यात चार महिने पाणबुडे नाकाला चिमटा आणि पायाला दगड बांधून तळ गाठायचे. त्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात यायचे, आणि आखातातला व्यवहारही रुपयांत चालायचा.

मोत्याचा हिशेब पै-पैचा ठेवला गेला. शिंपल्याच्या पाठीवर काय वाढते, हे कोण लिहून ठेवणार?

तिथे बार्नेकल आणि स्पंजांसोबत ॲसिडियनही बसतात. दाबले की पाण्याची चिळकांडी उडवणारे हे प्राणी. त्यातले डिडेम्नम वंशातले वसाहत करून राहतात. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे शेकडो जीव एकाच आवरणात दाटीने बसलेले असतात. पाणी प्रत्येकाच्या तोंडातून आत जाते आणि सामाईक छिद्रातून बाहेर पडते. आवरणात चुन्याचे सूक्ष्म तारकाकार कण असल्याने पातळ थर अनेकदा पांढरा दिसतो. पण तुतीकोरिन बंदरात सर्रास आढळणारा डिडेम्नम साम्माटोडेस आपलीच विष्ठा आवरणात साठवतो आणि चिखलासारखा करडा दिसतो. तुतीकोरिनही मोत्यांचेच गाव, हे विसरायला नको. खडक, धक्क्याचे खांब, जहाजांचे तळ, शिंपले अशी कडक पृष्ठे ॲसिडियनांना लागतात. म्हणून तर आखातातले खलाशी लाकडी गलबताचा तळ खरवडून त्यावर चुना आणि चरबी फासायचे.

शास्त्रज्ञांनाही हा प्राणी उशिराच उमगला. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या साविन्यीने १८१६ मध्ये दाखवून दिले की यातले काही एकच जीव नसून वसाहती आहेत. या माणसाने पुढे दृष्टी गमावली, तरी त्याची बारीक चित्रे आजही अभ्यासली जातात. पुढे १८६६ मध्ये कोवालेव्स्कीने त्यांच्या बेडूकमाशासारख्या पिलात पृष्ठरज्जू ओळखला. तोवर ते शिंपल्यांच्याच गोतावळ्यात गणले जात होते. आता ते शिंपल्यांपेक्षा माणसाच्या जवळचे ठरले.

दरम्यान मिकिमोतोने १८९३ मध्ये जपानमध्ये मोती पिकवून दाखवले, आणि १९२९ नंतरच्या मंदीने आखाताचा धंदा बसवला. शिंपल्यावरच्या वसाहतींची पाळी त्यानंतर कित्येक दशकांनी आली: क्लोद आणि फ्रांस्वाझ मोनिओ या संशोधकांनी बहरीनच्या ॲसिडियनांची नोंद छापली ती १९९७ साली, आणि त्यात तीन जाती शास्त्राला नव्या होत्या.