हुर्यो, स्तब्धता आणि बंद केलेला रेडिओ
पडत्या डावातील प्रेक्षक : ब्रेबर्नपासून रत्नागिरीपर्यंत

संघ हरतो तो मैदानावर. पण तो हरू लागल्याची पहिली वर्दी गॅलरीतून मिळते. टाळ्यांचा ठेका विस्कटतो, ढोल वाजवणाऱ्याचे हात थांबतात, आणि मग कोठूनतरी पहिली हुर्यो ऐकू येते. 'हुर्यो' हा मराठीचा खास शब्द. आनंदाच्या 'हुर्रे'शी त्याचे ध्वनिसाम्य असले, तरी अर्थ नेमका उलटा आहे. ती केली जात नाही, 'उडवली' जाते. आणि बहुधा ती प्रतिस्पर्ध्याची नसते, आपल्याच माणसाची असते.

प्रेक्षकांच्या या वर्तनाचा विचार करताना 'पराभव झाला म्हणून लोक भडकले' असे म्हणून विषय संपवण्याची प्रथा आहे. गेल्या पाऊणशे वर्षांतील घटना तपासल्या, तर हे विधान फारसे टिकत नाही. निव्वळ पराभव भारतीय प्रेक्षकांनी वारंवार आणि मुकाट्याने पचवला आहे. त्यांचा तोल गेला तो बहुतेक वेळा, आपल्याकडून काहीतरी हिरावून घेतले गेले, अशी भावना झाल्यावर.

ट्रान्झिस्टरने पेटवलेली ठिणगी

याचे ठळक उदाहरण मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरील नोव्हेंबर १९६९ चे. बिल लॉरीच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्धच्या पहिल्या कसोटीत भारताचा दुसरा डाव कोसळत होता. अजित वाडेकर एक बाजू लावून धरून होते आणि वेंकटराघवन त्यांना साथ देत होते. कॉनोलीच्या चेंडूवर वेंकटराघवन यांना यष्टिरक्षकाकरवी झेलबाद ठरवण्यात आले. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, अशी प्रेक्षकांची समजूत झाली. ती इतक्या झपाट्याने पसरण्याचे कारण मैदानावर नव्हते, प्रेक्षकांच्या मांडीवर होते. आकाशवाणीच्या धावत्या वर्णनात पंचांचा निर्णय चुकल्याचे बोलले गेले, आणि स्टेडियममध्ये ट्रान्झिस्टर घेऊन बसलेल्या शेकडो लोकांनी ते ऐकले. डोळ्यांना जी शंका होती तिला कानांनी पुरावा दिला. बाटल्या पडू लागल्या, खुर्च्या पेटल्या, धुराचे लोट मैदानावर आले. लॉरी खेळ थांबवायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाने सामना आठ गडी राखून जिंकला.

डाव घसरला म्हणून त्या दिवशी कोणी काडी ओढली नव्हती. तो तर सकाळपासून घसरतच होता. आग लागली ती अन्यायाच्या भावनेने, आणि तिला वारा घातला तो अधिकृत आवाजाने. ज्या वर्णनाने स्टेडियम पेटले तेच वर्णन दूरच्या गावांतही ऐकले जात होते. पण तिथे पेटवायला खुर्च्या नव्हत्या आणि ओरडून सांगावे असा पंचही समोर नव्हता.

जानेवारी १९७५ मध्ये नव्याकोऱ्या वानखेडे स्टेडियमवरील पहिल्याच कसोटीत याहून विचित्र प्रकार घडला. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइड यांनी द्विशतक पूर्ण केले. म्हणजे भारतीय गोलंदाजीची पुरती धुलाई चालली होती. अशा वेळी एक प्रेक्षक चिडून नव्हे, तर लॉइड यांचे अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली, आणि ते पाहून गॅलऱ्या उसळल्या. चहापानानंतरचा खेळ वाया गेला. लॉइड अखेर २४२ धावांवर नाबाद राहिले व भारत २०१ धावांनी हरला. आपल्या संघाची दुर्दशा लोकांनी मान्य केली होती. आपल्यातल्या एकाच्या पाठीवरची काठी मान्य केली नाही.

योगायोग असा, की एकवीस वर्षांनंतर हेच लॉइड सामनाधिकारी म्हणून कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर हजर होते. १३ मार्च १९९६ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारत एक बाद ९८ वरून आठ बाद १२० असा घसरला. सचिन तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाला आणि नंतरच्या फलंदाजांची नुसती रांग लागली. बाटल्या व फळे मैदानात आली, गॅलरीत जाळपोळ झाली. लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद विनोद कांबळी अश्रू ढाळत परतत असल्याचे चित्र त्या पिढीच्या मनातून अजून पुसलेले नाही. वरील विधानाला अपवाद शोधायचाच तर हा एक आहे. येथे ना पंचाची चूक होती, ना पोलिसांची. तरीही, पाऊण तासापूर्वी हातात असलेला सामना गेला ही भावना होतीच. अपेक्षा जितकी उंच, तितके कोसळणे मोठे.

एका महिन्यात दोन शहरे

१९९९ च्या सुरुवातीला पाकिस्तानचा संघ आला तेव्हा तीन आठवड्यांच्या अंतराने दोन टोके दिसली. ३१ जानेवारीला चेन्नईत तेंडुलकरच्या १३६ धावांनंतरही भारत अवघ्या १२ धावांनी हरला. क्षणभर मैदान सुन्न झाले. मग चेपॉकचे प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी विजयी पाकिस्तानला टाळ्यांची सलामी दिली. पाहुण्या संघाने मैदानाला फेरी मारली. फेब्रुवारीत कोलकात्यात मात्र धाव घेताना शोएब अख्तरशी टक्कर होऊन तेंडुलकर धावचीत ठरला आणि ईडन खवळले. स्वतः तेंडुलकर व जगमोहन दालमिया यांना प्रेक्षकांसमोर जाऊन शांततेचे आवाहन करावे लागले. अखेरच्या दिवशी पुन्हा गोंधळ झाल्यावर पोलिसांनी सारे स्टेडियम रिकामे केले आणि रिकाम्या खुर्च्यांच्या साक्षीने पाकिस्तान ४६ धावांनी जिंकला. चेन्नईचा प्रेक्षक सुजाण आणि कोलकात्याचा अविचारी, असा निष्कर्ष त्या वेळी काढला गेला. तो उथळ होता. चेन्नईचा पराभव निखळ होता. कोलकात्यात निर्णय वादाचा होता. प्रेक्षकांची परीक्षा एकच नव्हती.

घराच्या अंगणातली हुर्यो

आपल्याच मैदानावर आपल्याच खेळाडूची हुर्यो उडणे हा प्रकार अधिक बोचरा. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतला, तेव्हा वानखेडेवरील काही प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो उडवली. ज्याच्या नावाने हे मैदान डोक्यावर घेतले जात असे, त्याच्याच वाट्याला हे आले. त्या सामन्यात भारताचा दुसरा डाव १०० धावांत आटोपला व पराभव २१२ धावांचा झाला.

पण अलीकडच्या काळात या विषयाचा सर्वांत बोलका धडा मुंबई इंडियन्सने दिला. १५ डिसेंबर २०२३ रोजी या संघाने पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले. हार्दिक याच संघात घडला, नंतर गुजरात टायटन्सला २०२२ चे विजेतेपद मिळवून देऊन परतला. २०२४ च्या हंगामात अहमदाबादेत त्याची हुर्यो उडाली ती समजण्यासारखी होती. तिथला प्रेक्षक त्याने सोडून दिलेला होता. १ एप्रिलला मुंबई इंडियन्स हंगामात प्रथमच वानखेडेवर उतरले, तेव्हा स्वतःच्या प्रेक्षकांनी नाणेफेकीलाच तेच केले. सूत्रसंचालक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगावे लागले. नंतर राजस्थानच्या ट्रेंट बोल्टने रोहितसह तीन फलंदाजांना त्यांच्या पहिल्याच चेंडूवर तंबूत धाडले. अवस्था चार बाद २० झाली. डावातील सर्वाधिक ३४ धावा हार्दिकच्याच. मुंबईने सलग तिसरा सामना गमावला. गोंगाट वाढला तेव्हा सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या रोहितने हाताने खूण करून लोकांना थांबण्यास सांगितले. ज्याच्या बाजूने प्रेक्षक उभे होते, त्यालाच ती बाजू नको होती.

त्या हंगामात संघ गुणतक्त्यात तळाशी राहिला. नंतर २९ जूनला ब्रिजटाउन येथे टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील अखेरचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली, आणि तीन महिन्यांपूर्वी हुर्यो उडवणारे तेच वानखेडे त्याच्या नावाचा जयघोष करत होते. एप्रिलमधील राग पराभवांवर नव्हता, कारण तो पहिल्या चेंडूआधीच सुरू झाला होता. न विचारता घरातला कर्ता बदलला गेल्याचा तो राग होता. पराभवांनी त्याला फक्त निमित्त पुरवले.

मौन हाही प्रतिसादच. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात सेहवाग आणि तेंडुलकर ३१ धावांत परतले, तेव्हा वानखेडेवर शेजारच्याचा श्वास ऐकू यावा अशी शांतता पसरली. गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावांनी ती उठवली. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत मात्र विराट कोहली ५४ धावांवर त्रिफळाचीत झाल्यावरची शांतता शेवटपर्यंत उठलीच नाही. एवढ्या मोठ्या जमावाला गप्प करण्यासारखे समाधान नाही, असे ऑस्ट्रेलियाचे कर्णधार पॅट कमिन्स आदल्या दिवशी म्हणाले होते.

दोष कोणाच्या माथी?

हा केवळ क्रिकेटचा किंवा भारताचा रोग नाही. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये शिकागो कब्ज या संघाने १९०८ नंतर विजेतेपद पाहिले नव्हते. १४ ऑक्टोबर २००३ रोजी रिग्ली फील्डवर हा संघ तीन-शून्य असा पुढे होता. अंतिम मालिकेत पोहोचण्यासाठी पाच गडी बाद करायचे उरले होते. इतक्यात गॅलरीच्या कठड्यापाशी आलेल्या चेंडूला एका प्रेक्षकाचा हात लागला आणि क्षेत्ररक्षकाचा संभाव्य झेल हुकला. त्याच डावात प्रतिस्पर्धी फ्लोरिडा मार्लिन्सने आठ धावा काढल्या. एक सोपा चेंडू कब्जच्या अनुभवी क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला होता, गोलंदाजीही ढासळली होती. पण मैदानाचा सारा संताप त्या एका प्रेक्षकावर कोसळला आणि त्याला सुरक्षारक्षकांच्या कड्यातून बाहेर न्यावे लागले. तो त्याच संघाचा चाहता होता. २०१६ मध्ये कब्ज अखेर जिंकले आणि पुढच्या वर्षी संघाने त्याला विजेत्यांची अंगठी भेट दिली. भारतातही मार्च २००७ मध्ये बांगलादेशकडून झालेल्या पराभवानंतर रांचीत धोनीच्या बांधकाम सुरू असलेल्या घरावर जमाव चालून गेला होता. अपयश सामुदायिक असते. दोषी मात्र एक लागतो, आणि तो हाताशी असावा लागतो.

दूरच्या प्रेक्षकाला तो हाताशी सापडत नाही. मग दोष स्वतःकडे घेतला जातो. रत्नागिरीसारख्या गावात कसोटीचे मैदान नव्हते. खेळ पोहोचला तो आधी रेडिओवरून. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी मराठीतून धावते वर्णन रुजवले. गडी बाद होऊ लागले, की रेडिओ बंद करणे हा पहिला उपाय. आपण ऐकले नाही तर कदाचित पडझड थांबेल! पुढे दूरदर्शन आले आणि तेंडुलकर बाद झाला की संच बंद करण्याची नव्वदच्या दशकातील सवय कोकणातही होतीच. भागीदारी जमली तर ओटीवर बसलेल्या कोणी जागा बदलायची नाही, पाणी प्यायलाही उठायचे नाही, हा दुसरा उपाय. मुंबईत जी बाटली होऊन मैदानात पडते, ती चीड इथे व्रतासारखी पाळली जाते.

गावच्या स्पर्धेत मात्र हाच प्रेक्षक वेगळा असतो. भाताची कापणी झाली, की मोकळ्या मळ्यांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे आणि कबड्डीचे सामने भरतात. शिमग्याला आलेले चाकरमानीही त्यात उतरतात. दोर किंवा चुन्याची रेघ एवढेच अंतर. हुर्यो उडते ती नाव घेऊन, बापाच्या आणि वाडीच्या नावासकट. ध्वनिक्षेपकावरून वर्णन करणाराही चिमटे काढण्यात मागे राहत नाही. पण झेल सोडणारा कोणाचा तरी भाचा असतो. त्यामुळे बोलणे तिखट आणि हात आवरलेले, असा तोल आपोआप सांभाळला जातो.

रत्नागिरीचा संघ, गहुंज्याचे मैदान

जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि 'रत्नागिरी जेट्स' या नावाचा संघ अझीम काझीच्या नेतृत्वाखाली उतरला. प्रथमच हरण्या-जिंकण्याला जिल्ह्याचे नाव लागले. सामने मात्र पुण्याजवळच्या गहुंजे येथे, म्हणजे रत्नागिरीपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर. जूनमध्ये रत्नागिरीत मैदानांवर तळी साचलेली असतात, तेव्हा याला पर्यायही नव्हता. म्हणून नावाने घरचा असलेला हा संघ घरच्यांनी पाहिला तो पडद्यावर, बहुतेकदा मोबाइलच्या. त्याचा गडी बाद झाल्यावर उमटलेला निःश्वास ना त्या फलंदाजाला ऐकू जात होता, ना पंचाला.

कोल्हापूर टस्कर्सविरुद्धचा पहिल्या वर्षीचा अंतिम सामना पावसाने अपुरा राहिला. साखळीत अग्रस्थानी असल्यामुळे रत्नागिरीला विजेता घोषित करण्यात आले. ज्या पावसाचे कोकणाला अप्रूप नाही, त्यानेच चषक दिला. जून २०२४ मध्ये संघाने नाशिकला अंतिम सामन्यात हरवून तो राखला. या वेळी पूर्ण सामना खेळून. मैदान तेव्हाही गहुंज्याचेच होते.