'असाइन्ड' या शब्दाची कहाणी : वऱ्हाडापासून इंटरनेटपर्यंत



आपला यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे, आणि साऱ्या वऱ्हाडाचे सरकारी नाव होते 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. यातील 'असाइन्ड' या एका शब्दावर दोन दरबारांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी व थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पण हवाली करणे म्हणजे देऊन टाकणे नव्हे, हे सर सालारजंग यांचे म्हणणे होते आणि वऱ्हाड परत मिळावे म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली. १९०२ मध्ये कर्झनसाहेबांनी शब्दच बदलला. वार्षिक २५ लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा झाला. पुढे १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व मान्य होऊन युवराजांना 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. कारभार मात्र होता तेथेच राहिला!

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण म्हणजे तुमच्या हातातील मोबाईल. टपालाला जसा यवतमाळचा पिनकोड ४४५००१ लागतो, तसा इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. हे आकडे वाटण्याचे काम प्रारंभी अमेरिकेत जॉन पोस्टेल नावाचे एक गृहस्थ जवळजवळ एकट्याने पाहत. त्यांच्या यादीचे नाव काय होते, ठाऊक आहे? 'असाइन्ड नंबर्स'. पुन्हा तोच शब्द, आणि त्याचा अर्थ पुन्हा मोघम.

एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. १९८१ च्या व्यवस्थेत त्यांचे तीन मुख्य वर्ग केले होते. 'अ' वर्गाच्या एका गटात १ कोटी ६७ लाख पत्ते, 'ब' मध्ये ६५,५३६ आणि 'क' मध्ये अवघे २५६. मधली पायरीच नाही. त्यामुळे मागणाऱ्याला एक तर तोकडे मिळे, नाही तर गरजेपेक्षा कितीतरी अधिक. अमेरिकेतील एमआयटी या एका विद्यापीठाला 'अ' वर्गाचा अख्खा गट मिळाला होता. आपल्याकडे विद्यापीठांसाठी अर्नेट १९८६ मध्ये सुरू झाले, आणि सामान्य माणसाला विदेश संचार निगममार्फत इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर अनेक मोठे गट वाटून झाले होते.

तेव्हा शब्दांना शिस्त लावणे भाग पडले. १९९६ च्या मार्गदर्शक नियमांत दोन शब्द वेगळे केले गेले. 'ॲलोकेशन' म्हणजे पुढे वाटण्यासाठी सोपविलेले पत्ते. हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला मिळतात. 'असाइनमेंट' म्हणजे स्वतः वापरण्यासाठी नेमून दिलेले पत्ते. हे पुढे कोणाला देता येत नाहीत. आपल्याकडील वक्फची कल्पना ज्यांना आहे, त्यांना हे लवकर उमजेल. मुतवल्ली कारभार पाहतो, पण मालक नसतो. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपनिक आणि २०१२ पासून भारतातील आयआरआयएनएन यांचा पवित्राही असाच आहे. पत्ता वापरायचा, मालकी सांगायची नाही.

मात्र हे नियम होण्यापूर्वी ज्यांना पत्ते मिळाले, त्यांच्यासाठी 'ऐतिहासिक' असा निराळा वर्ग राहिला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने बुडीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. २०१७ मध्ये एमआयटीने सुमारे ८० लाख पत्ते विकायला काढले. जे कोणाच्या मालकीचे नाही, त्याचा बाजार भरला! उलट आपल्या भागात २०११ नंतर नव्या सभासदाला फार तर १,०२४ आणि २०१९ पासून ५१२ पत्ते. उशिरा आलेल्याच्या वाट्याला नेहमी हेच येते, असे मला वाटते. म्हणूनच एका पत्त्यामागे अनेक मोबाईल दाटीने बसवावे लागतात.

शाळा-महाविद्यालये चालविणाऱ्यांनी आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. कंपनीकडून आलेले पत्ते 'नॉन-पोर्टेबल', म्हणजे कंपनी बदलली की परत करायचे. थेट नोंदणी संस्थेकडून घेतलेले 'पोर्टेबल', ते संस्थेबरोबर राहतात. करारावर सही करण्यापूर्वी यातला कोणता शब्द लिहिला आहे, ते वाचावे.

आता १२८ अंकस्थानांचे नवे पत्ते आले आहेत. त्यांची ददात नाही. पण शब्दांचा वाद सरला नाही. असाइनमेंटचे पत्ते पुढे देऊ नयेत, हा नियम अक्षरशः घेतला, तर वसतिगृहातील पाहुण्याला वायफाय जोडून देणे हासुद्धा नियमभंग ठरत होता. युरोपच्या नोंदणी संस्थेत २०१६ मध्ये हा प्रश्न रीतसर मांडला गेला आणि पाहुण्याच्या यंत्राला एखादा पत्ता वापरू देणे म्हणजे पत्ता 'देणे' नव्हे, असा खुलासा नियमात घालावा लागला.